पंधरा मिनिटांपुढचं मोजत नाहीत

१

पाइप फुटला त्या क्षणी मी जेवणाचे डबे आवरत होते आणि नणंदेच्या मशीनला काहीतरी व्हावं असं मनापासून इच्छीत होते. फार मोठं नाही. साखळी उतरावी, काचेवर फांदी आपटावी, निदान एखादी गांधीलमाशी तरी केबिनमध्ये शिरावी. तेवढ्यात झाडीतून फाडकन आवाज आला, इंजिनाची घरघर खाली बसली आणि मशीनच्या लांब हातातून उडालेल्या तेलाने समोरची तीन-चार झाडं न्हाऊन निघाली.

आधी मला आनंद झाला. लगेच त्या आनंदाची भीती वाटली, कारण इतक्या झटपट माझं कुणीच कधी ऐकत नाही.

आमच्या घरचा धंदा लाकूडतोडीचा. लागवडीच्या जंगलांचे ठेके घ्यायचे, झाडं पाडायची, ओंडके करून रस्त्याच्या कडेला रचायचे. पाडायला मोठं मशीन आहे, हार्वेस्टर. त्याच्या हाताच्या टोकाला एक डोकं असतं. ते झाड धरतं, बुडाशी कापतं, आडवं करून फांद्या सोलतं आणि मापाचे ओंडके पाडतं, सगळं एका दमात. दुसरं मशीन ते ओंडके उचलून रस्त्यापर्यंत वाहतं. त्याला आम्ही हमाल म्हणतो. माझा नवरा आणि त्याची धाकटी बहीण ही दोन्ही मशीनं आलटून पालटून चालवतात, आणि हार्वेस्टरवर कोण जास्त बसलं यावरून वर्षभर धुसफुसतात.

आता नवं हार्वेस्टर येणार होतं आणि सासरे बाजूला होणार होते. नवं मशीन ज्याच्या हाती, धंदा त्याच्या हाती. भांडण जेवणाच्या टेबलापर्यंत आलं तेव्हा सासऱ्यांनी जाहीर केलं, "भांडू नका. मोजू." त्यांनी वनसंस्थेतून एक मोजणीसाहेब बोलावला. त्याने सारख्या झाडांच्या दोन पट्ट्या आखल्या. तासाला कोण किती लाकूड काढतं ते तो घड्याळ लावून बघणार, आणि तो देईल तो आकडा सगळ्यांना मान्य. काल माझ्या नवऱ्याची पट्टी झाली होती. आज तिची होती.

मी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करते. जळालेली दुकानं, बुडालेल्या गाड्या, पायऱ्यांवरून घसरलेली माणसं. आज रजा टाकून जंगलात आले होते. नवऱ्याला म्हटलं, तुझ्या सोबतीला येते. खरं सांगायचं तर तिला हरताना बघायला आले होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी ऐकतेय, ती कशी मागे न बघता गाडी मागे घेते, ती कशी आवाजावरून बिघाड ओळखते. तिला चिडवायला मी मुद्दाम 'वन्सं' म्हणते. ती हसते. हसते हेच तर मला सहन होत नाही.

आम्ही सगळे मशीनपाशी धावलो. मिस्त्रीने शिडी लावली, वर चढला, डोक्याला तेल पुरवणारा जाड होज पाइप हातात धरून बराच वेळ बघत राहिला.

"फुटला नाही," तो खाली न बघताच म्हणाला. "कापलाय. निम्म्यापर्यंत सुरीने. मग दाब आल्यावर उरलेला निम्मा आपसूक गेला."

खाली उतरून त्याने हत्यारांची पेटी उघडली. त्या मापाचा एक जादा पाइप पेटीत कायम असतो. आज नव्हता.

"सकाळी मी स्वतः बघितला होता," मिस्त्री म्हणाला. "आता शहरातून बनवून आणायचा. म्हणजे दिवस संपला."

नणंद केबिनमधून उतरली. केसांत भुसा, हाताला तेल. ती सरळ माझ्या नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, मागितलं असतंस तर दिलं असतं रे मशीन," ती म्हणाली. "पाइप कशाला कापलास?"

माझा नवरा नुसता बघत राहिला. तो भांडायला लागला की निर्दोष असतो आणि गप्प बसला की त्याला खूप लागलेलं असतं, हे मला ठाऊक आहे. पण बघणाऱ्याला ती कबुलीच वाटावी.

मोजणीसाहेबाने पाटी छातीशी धरली आणि घसा खाकरला. "हे बघा, मोजणी चालू असताना एका स्पर्धकाने दुसऱ्याचं मशीन बिघडवलं असेल तर तो बाद. मला तसं लिहावं लागेल. मग मोजायला काही उरत नाही, मी संध्याकाळच्या गाडीने निघतो."

"आणि मी आजच निघते," नणंद म्हणाली. "पलीकडच्या कंपनीने दोनदा विचारलंय. भावाच्या भीतीने पाइप तपासत बसायचं तर परक्यांकडे बसेन."

एवढ्यात सासरे रस्त्याकडून चालत आले. उन्हातही हातावर घडी घातलेला कोट, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "ढीग कुठवर आला होता?"

"निम्म्याच्या बराच वर," नणंद म्हणाली.

"झालं. आजचा दिवस गेला म्हणायचा." त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, पाणी पी. तोंड बघ किती उतरलंय."

मी घोटभर प्यायले. पाणी कोमट होतं. मी बाटली परत दिली आणि मोजणीसाहेबाला सांगितलं, "तुमच्या गाडीला वेळ आहे. तोवर कुणीही काही लिहायचं नाही. कापलेल्या वस्तूंची चौकशी हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे."

२

चौकशीत मी मोडलेल्या वस्तूकडे नंतर बघते. आधी बघते, काय सापडत नाही. कापलेला पाइप सगळ्यांना दिसत होता. मला त्या पेटीतून गेलेल्या पाइपाचं कुतूहल होतं.

जेवण आम्ही जंगलाच्या कडेला उभ्या केलेल्या पत्र्याच्या खोलीत घेतलं होतं. मशीन हाकेच्या अंतरावर, पण झाडीआड. सुट्टीत प्रत्येक जण एकदा तरी बाहेर पडला होता. मीसुद्धा. मी तिच्या केबिनची शिडी चढून आत डोकावून आले होते. का, ते विचारू नका. ती बसते ती जागा कशी दिसते ते बघायचं होतं.

आधी नवऱ्याला बाजूला घेतलं. तो हमालाच्या चाकाला टेकून बसला होता.

"तू केलंस का?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते मी ऑफिसात विचारत नाही, इथेही नाही विचारणार."

"नाही केलं." मग म्हणाला, "सकाळी तिचं काम मागून बघत होतो. एकदा वाटलं, हिचं काहीतरी बिघडू दे. वाटलं एवढंच."

त्याच्या बाजूला बसून मी त्याच्या खांद्यावरचा भुसा झटकला. एका घरात दोघांना एकच वाटावं याचं मला बरं वाटलं.

मिस्त्री तेल पुसत होता. तो या घरात माझ्या आधीपासून आहे आणि नव्या मशीनवर त्याचा राग आहे, हे उघड होतं. नव्या मशीनची दुरुस्ती कंपनीचीच माणसं करणार, टाय लावून.

"माझ्यावर संशय असेल तर सरळ बोला, वहिनी," तो म्हणाला.

"असायला हरकत नाही. नवं मशीन आलं की तुमचं महत्त्व जाणार."

"म्हणून तर जादा पाइप मी पळवणार नाही!" तो उसळला. "पेटीत पाइप असता तर सगळ्यांच्या नाकावर टिच्चून आठ मिनिटांत बदलला असता. त्या मोजणीवाल्याने घड्याळ लावावं आणि बघावं, टायवाल्यांना जमतं का. अशी संधी पुन्हा कधी येणार होती?"

त्याच्या आवाजात हुकलेल्या टाळ्यांचं दुःख होतं. असं दुःख उसनं आणता येत नाही.

मोजणीसाहेब झाडाखाली सावलीत बसला होता. स्वच्छ बूट, गळ्यात दोन घड्याळं. मी विचारलं, "आजचा दिवस फुकट गेल्याने हिचा आकडा किती पडेल?"

"पडेल?" त्याने भुवया उंचावल्या. "पडणार नाही. सगळ्यांना समजावून सांगितलंय मी. तुम्ही तेव्हा नव्हता बहुतेक."

"मग आता सांगा."

"काम करताना मशीन मधेमधे थांबतंच. फांदी अडकते, साखळी घट्ट करावी लागते, चालक पाणी पितो. पंधरा मिनिटांच्या आतला खोळंबा हा कामाचाच भाग. तो वेळ मी तासात धरतो, म्हणजे आकडा खाली येतो. पण खोळंबा पंधरा मिनिटांपुढे गेला की तो बिघाड. मग पहिल्या मिनिटापासून सगळाच वगळतो. घड्याळ थांबतं. मशीन पुन्हा सुरू झालं की मागचं मोजणं तिथूनच पुढे चालू. आज नाही तर उद्या."

"म्हणजे आठ मिनिटं थांबलं तर नुकसान, आणि दिवसभर थांबलं तर काहीच नाही?"

"बरोबर. पंधरा मिनिटांपुढचं आम्ही मोजत नाही."

मी तिथेच खाली बसले. माझ्या नवऱ्याला हा नियम माहीत होता. त्याला बहिणीचा आकडा पाडायचा असता, तर त्याने पाइप कापला असता आणि जादा पाइप पेटीत तसाच ठेवला असता. मिस्त्रीने आठ मिनिटांत बदलला असता, आणि ती आठ मिनिटं तिच्या तासात जाऊन बसली असती. जादा पाइप काढून घेणं म्हणजे तिला फुकटची विश्रांती देणं. प्रतिस्पर्ध्याला कोण विश्रांती देतं?

कुणीच नाही. स्वतःला मात्र कुणीही देईल.

मला इतका आनंद झाला की मी उभीच राहिले. पाइप तिनेच कापला होता.

३

नणंद केबिनच्या पायरीवर बसून हातमोज्यांतलं तेल पिळत होती. मी समोर उभी राहिले. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आता आला होता आणि मला त्याची घाई करायची नव्हती.

"दमली होतीस ना, वन्सं?"

"कशाला दमेन?"

"सकाळभर जीव तोडून काम केलंस. दुपारी हात जड झाले असते, आकडा घसरला असता. पाइप गेला, घड्याळ थांबलं, उद्या सकाळी ताजीतवानी होऊन उरलेली पट्टी कापशील. वर दादावर आळ. नियम तुझ्याच कामाचा निघाला."

मला वाटलं, आता रडेल. ती हसली. पण ते नेहमीचं हसणं नव्हतं.

"वहिनी, वर ये," ती म्हणाली. "सुट्टीत चोरून बघितलंस तेव्हा नीट दिसलं नसेल."

माझे कान गरम झाले. मी वर चढले. तिने सीटच्या मागून एक छोटा पिवळ्या रंगाचा डबा काढला. वर नवा कोरा ब्रश दोऱ्याने बांधलेला.

"हे काय?"

"रस्त्याकडेच्या ढिगापाशी लोखंडी खांब आहे ना? त्यावर लाल रेघ आहे बघ. बाबांची. एका दिवसात एका मशीनने काढलेलं सगळ्यात जास्त लाकूड. ढीग त्या रेघेपर्यंत आला होता. तेव्हा झाडं जाड होती, पण मशीन केवढंसं होतं. लहानपणापासून मी ती रेघ बघतेय. काल दादा तिच्या दोन हात खाली थांबला. आज मी वर गेले असते. गेलेच असते. सकाळीच अंदाज आला होता." तिने डबा मांडीवर ठेवला. "तासाचा आकडा तुम्ही लोक घ्या. मला मशीन मिळेल, नाही मिळेल. मला आज संध्याकाळी तिथे पिवळी रेघ मारायची होती. रेघ दिवसाची आहे, वहिनी. अर्ध्या दिवसात ती ओलांडता येत नाही. मी माझाच दिवस कशाला मारू?"

माझ्या आनंदाची हवा गेली. विमा कंपनीत आम्ही याला म्हणतो, दावा खरा निघणे. फार वाईट वाटतं.

"हा डबा कुणी बघितला होता?"

"कुणालाच सांगितलं नव्हतं. कामाला लागण्याआधी बाबा केबिनमध्ये चढले होते, शाबासकी द्यायला. तेव्हा मी तो पायाने मागे सारला." ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "तू आता नियमाचं म्हणालीस ना? जादा पाइप लपवण्याचा मूर्खपणा नियम माहीत नसलेल्या माणसाचाच. मोजणीसाहेबाने समजावलं तेव्हा दादा होता, मी होते, मिस्त्री होता, बाबा होते. नव्हतं फक्त एक माणूस. सुट्टीत केबिनपाशी घुटमळणारंही तेच."

तिचं बोट माझ्याकडे नव्हतं. त्याची गरजच नव्हती. माझ्याच हिशेबाने गुन्हेगार मी ठरत होते.

४

मी रस्त्याकडे चालत निघाले. स्वतःवरचा संशय फार उपयोगी असतो. माणूस एकदम नीट विचार करायला लागतो.

मी पाइप कापला नव्हता, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मग नियम माहीत असूनही दिवस मारणारं कोण? मी नियम चुकीच्या बाजूने धरला होता. प्रश्न नियम कुणी ऐकला हा नव्हता. कोण अजूनही तासाने मोजत नाही, दिवसाने मोजतं, हा होता. नणंद एक. तिला दिवस हवा होता. दुसरा माणूस असा हवा, ज्याला तो दिवस नको होता.

पाइप कापल्याचं कळताच प्रत्येकाने आपापल्या काळजीचं काहीतरी विचारलं होतं. मिस्त्रीला पेटीची पडली होती, मोजणीसाहेबाला नियमाची, नणंदेला भावाची. ढीग कुठवर आला हे एकाच माणसाने विचारलं होतं. आणि उत्तर ऐकून तो म्हणाला होता, आजचा दिवस गेला. ते मी दुःख समजले होते. आता पुन्हा आठवून बघितलं तर तो सुटकेचा श्वास होता.

ढिगापाशी सासरे ओंडक्यावर बसले होते. पलीकडे तो खांब. लाल रेघ उन्हाने विटली होती, पण कडा अजून सरळ होत्या. दरवर्षी कुणीतरी तिच्यावरून हात फिरवत असणार. ढीग रेघेच्या बराच खाली थांबला होता. सासऱ्यांच्या पायाशी पाण्याची बाटली भर उन्हात उभी होती.

त्या बाटलीकडे मी बघतच राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा या जंगलात आले तेव्हा सासऱ्यांनी मला एक गोष्ट कौतुकाने दाखवली होती. हातकरवतीच्या दिवसांपासूनची त्यांची सवय. ढिगाच्या बुडाशी, सावलीच्या बाजूला, ओंडक्यांमध्ये एक फट ठेवायची आणि पाण्याची बाटली तिच्यात सरकवायची. ताज्या लाकडाचा ओलावा पाणी गार ठेवतो. "फ्रिज कशाला हवा?" असं ते प्रत्येक पाहुण्याला म्हणतात.

आज पाणी कोमट होतं.

"बाबा, बाटली फटीत का नाही ठेवली?"

मी ढिगाच्या सावलीच्या बाजूला गेले, वाकले, फटीत हात घातला. बोटांना लोखंडी टोक लागलं. ओढलं तसा काळा, तेलकट पाइप हातभर बाहेर आला.

"कोटात गुंडाळून आणला," ते माझ्यामागे म्हणाले. "दुसरीकडे टाकायला धीर झाला नाही. चांगला पाइप आहे. उद्या सापडला असं म्हणून देणार होतो."

"बाबा, ती तुमची मुलगी आहे."

"म्हणूनच. परक्याने रेघ ओलांडली असती तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. हिने ओलांडली असती तर मला टाळ्या वाजवाव्या लागल्या असत्या." ते खांबाकडे बघत होते. "मशीन तिलाच मिळणार होतं, हे मला मोजणीआधीच माहीत होतं. घे म्हटलं, धंदा घे, चाव्या घे. पण सकाळी केबिनमध्ये तो रंगाचा डबा बघितला. नवा कोरा ब्रश! मी अजून जिवंत आहे आणि माझ्या रेघेवर रेघ मारायला पोरीने ब्रश आणून ठेवलाय. डोकं फिरलं. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. फक्त आजचा दिवस नको होता."

"आणि तुमच्या मुलावर आळ आला तो?"

"ते असं होईल वाटलं नव्हतं. आळ आला तेव्हा बोलायला गेलो, तोंडातून ढीग निघाला." त्यांनी वर बघितलं. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत मी इतका उघडा मत्सर कधी बघितला नव्हता. तो मला ओळखीचा होता. सकाळी आरशात विंचरताना बघितला होता.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, पाइप जिथून काढलास तिथे ठेव. ती रागाने निघून जाईल. मशीन आपोआप थोरल्याकडे येईल. आळाचं काय, घरातली गोष्ट, चार दिवसांत विसरतील."

खोटं कशाला बोलू, मी लगेच नाही म्हटलं नाही. नवं मशीन, नवरा त्याच्यावर, आणि नणंद दुसऱ्याच कुणाच्या जंगलात. मला हे सगळं इतकी वर्षं हवं होतं. पण बदल्यात माझ्या नवऱ्याने आयुष्यभर बहिणीचा पाइप कापणारा भाऊ म्हणून जगायचं होतं, आणि तो त्यावर एक शब्द बोलला नसता. चाकाला टेकून नुसता गप्प बसला असता.

"तुम्हीच सांगायचं," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर. पाइप मी धरते."

५

त्यांनी सांगितलं. पत्र्याच्या खोलीत, उभं राहून, एकाही कारणाची पुस्ती न जोडता. मोजणीसाहेबाने घड्याळांशी चाळा केला. मिस्त्री पाइप घेऊन पळालाच. नणंद भावाजवळ गेली आणि त्याच्या बाहीला धरून उभी राहिली. तो म्हणाला, "अगं, मलाही वाटलंच होतं तुझं बिघडावं म्हणून." मग दोघंही हसायला लागली. त्या हसण्यात मला जागा नव्हती हे मी नोंदवून ठेवलं.

बापाकडे तिने बराच वेळ बघितलं नाही. बघितलं तेव्हा एवढंच म्हणाली, "आज पट्टी संपवते, आकडा घ्या. रेघेचं उद्या. उद्या पूर्ण दिवस आहे."

पाइप मिस्त्रीने बदलला. आपण किती मिनिटं घेतली ते त्याने सगळ्यांना ओरडून सांगितलं, कुणी विचारलं नसताना. नणंदेने पट्टी संपवली आणि संध्याकाळच्या गाडीआधी मोजणीसाहेबाने आकडा वाचला. तिचा जास्त होता. थोडाथोडका नाही. माझ्या नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल.

निघताना तिने रंगाचा डबा माझ्या हातात दिला. "वहिनी, उद्या हा तू सांभाळ. तुझ्या हातून काही लपत नाही."

मी आणखी एक रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी खांबापाशी नव्याने रचलेला ढीग वाढत गेला. नवरा हमालावरून ओंडके आणून लावत होता, नणंद झाडीत दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. मी आणि सासरे खांबापाशी उभे होतो. ढीग लाल रेघेच्या एक ओंडका खाली आला तेव्हा हमालाचं चाक रुतावं असं माझ्या मनात आलं. मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांच्याही मनात तेच आलं होतं. त्यांनी फटीतून बाटली काढून सावलीत ठेवली.

सूर्य अजून झाडांवर असतानाच ओंडके रेघेच्या वर गेले. नवऱ्याने शेवटची खेप लावली आणि हॉर्न वाजवला.

"ब्रश इकडे दे," सासरे म्हणाले. "ही रेघ मीच मारतो."

मी दिला. त्यांनी डोळे बारीक केले, हात खांबाला टेकवला आणि एका दमात सरळ पिवळी रेघ ओढली. सुरेख ओढली. फक्त सगळ्यात वरच्या ओंडक्याच्या माथ्यापेक्षा बोटभर खाली.

मी बघितलं. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं. त्या बोटभर अंतराचं मला काहीच नुकसान नव्हतं. उलट थोडं बरंच वाटलं असतं, आयुष्यभर.

मी त्यांच्या हातातून ब्रश घेतला आणि बोटभर वर दुसरी रेघ मारली, माथ्याला माथा लावून. हात जड झाला होता, रेघ त्यांच्याइतकी सरळ आली नाही. पण जागेवर आली.

सासऱ्यांनी दोन्ही रेघांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बाटली पुढे केली. मी प्यायले. पाणी गार होतं.